दामिनीच्या नावाची मूठ

दामिनी एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. तबल्यापुढे बसते, पण त्याला बसणं म्हणत नाहीत. एरवी तिच्या पायाला भिंगरी. चहा उभ्याने घेते, आणि कप रिकामा होईपर्यंत दारापर्यंत दोनदा जाऊन येते. बोटं सारखी कशावर तरी चालू असतात. कपावर, खिडकीच्या गजावर, शिवणयंत्राच्या फळीवर, आणि एकदा तर माझ्या टकलावर. मी लोटन. शहाद्यात तबला-पेटीचा क्लास चालवतो. माझ्या नाकावर राग असतो हे माझ्या पेटीलासुद्धा ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला हसू आलं, कारण टकलावर तिने वाजवला तो तुकडा अगदी स्वच्छ होता.

ती माझ्याकडे आली तेव्हा शाळकरी होती आणि तिचं नाव वेगळं होतं, मुलाचं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी ती आपल्या खिशात ठेवावी. तिचे वडील दोधूआप्पा प्रकाशा गावचे, तापीकाठची काळी जमीन, कापूस, ऊस, थोडी केळी. शाळेतला बाक वाजवून वाजवून तिने मास्तरांना जेरीस आणलं होतं, म्हणून आप्पांनी तिला मोटारसायकलवर बसवून माझ्या दारात आणून सोडलं. म्हणाले, "सर, याना हात काही थांबत नहीत. त्यास्ले कायतरी काम द्या."

काम दिलं. अशा हाताची पोर मला नंतर मिळाली नाही. मात्र तिला सगळ्यात वेड तिहाईचं. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर पडला पाहिजे. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तिथे वाजवणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची मान एकदम हलते. बाकीची पोरं तिहाई चुकली की कान खाजवायची. हिची चुकली की ही उठून अंगणात दोन फेऱ्या मारायची, परत येऊन बसायची आणि बरोबर येईपर्यंत मला जेवायला जाऊ द्यायची नाही.

आता खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने, बाजूला केळीचे खांब. रविवारी देवी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. पण तिच्या नैवेद्याला जे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात त्याचे गहू आदल्या दिवशी मुठीने काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. म्हाताऱ्याची, तान्ह्या पोराची, परगावी असलेल्याचीही. नाव घ्यायचं, मूठ सुपात टाकायची. ज्याची मूठ निघाली तो त्या घरचा. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायका ते दळतात.

दामिनी घरात सगळ्यात धाकटी, म्हणून तिची मूठ सगळ्यात शेवटी निघायची. तिची आई कमलबाई ती मूठ भरून घ्यायची आणि टाकायच्या आधी क्षणभर थांबायची. दामिनीला ते थांबणं फार आवडायचं. "जशी समनी वाट दखी ऱ्हायनी माय," असं ती मला म्हणायची. विसर्जनाला गडी बँडपुढे नाचत आणि बाया मागे फुगड्या घालत. ही दर वर्षी मागच्या घोळक्यात सापडायची, आणि मोठा भाऊ भूपेंद्र दर वर्षी दंडाला धरून पुढे आणायचा. त्यापलीकडे घरात कोणी काही बोललं नाही. बोलायचं नाही, हीच त्या घराची बोलण्याची पद्धत.

बारावीनंतर ती सुरतेला गेली. इकडची पोरं जातातच, नंदुरबारला गाडीत बसलं की सुरत. कापडबाजारात साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळालं. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची. तिथे तिला रंजिता भेटली आणि तिथेच ती दामिनी झाली. रंजिता काही फार वयस्कर नाही, पण तिच्या छपराखाली राहणारी सगळी तिला मा म्हणतात. घरून हाकललेली, घरातून पळालेली, घरात असून नसलेली अशी ती पोरं-पोरी. आणि ही सगळी मिळून बॉलरूम करतात.

बॉलरूम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गोरे साहेब आणि मडम कमरेत हात घालून गोल फिरताना आले.

"ते नही हो सर!" ती माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाली. मग तिने सांगितलं ते असं. न्यूयॉर्कमध्ये जे रंगाने काळे म्हणून गोऱ्यांना नकोत, आणि बायकी किंवा मर्दानी म्हणून आपल्याच माणसांना नकोत, त्यांनी आपल्या स्पर्धा सुरू केल्या. मधे वाट मोकळी ठेवायची, दोन्ही बाजूंना माणसं, टोकाला परीक्षक. एकेकाने नटून त्या वाटेवरून चालत यायचं. कोणी राणी होऊन, कोणी मोठा साहेब होऊन, कोणी नुसती हातांची करामत दाखवत. चालता चालता नाच, आणि नाचाच्या शेवटी धाडकन पाठीवर पडायचं, एक पाय दुमडून आणि एक आभाळाकडे. त्याला डिप म्हणतात. आणि उतरायचं ते आपल्या हाऊसच्या नावाने. हाऊसला एक मदर असते. रंजिताच्या हाऊसचं नाव हाऊस ऑफ तापी, कारण नदी सुरतेतही तीच आहे.

"म्हंजे आपलं घराणंच शे ना, सर," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. घराणं! तीन-तीन पिढ्या हाडं झिजवतात तेव्हा कुठे घराणं होतं. चार पोरांनी ओठ रंगवले आणि घराणं काढलं, असं नसतं. मी हे बरंच मोठ्याने बोललो. ती खिडकीच्या गजावर बोटं वाजवत शांतपणे ऐकत होती.

"आमनामा पिढ्या लवकर बदलतस, सर," ती म्हणाली. "कोणी जास्ती जगत नही."

मी पेटीचा भाता दाबत बसलो.

मधल्या काळात आप्पा गेले. तीन वर्षांपूर्वी दामिनी सुरतेहून परत आली, पण प्रकाशाला नाही, शहाद्यात. खोली भाड्याने घेतली आणि साड्यांना फॉल-पिको करायचं यंत्र टाकलं. भजनी मंडळाने आधी तिला तबल्याला बोलावलं. तिने केस वाढवले, सलवार-कमीज घातला, मग बोलावणं बंद झालं. त्या मंडळाला ठेका कळत नाही हे मी आधीपासून सांगत होतो. प्रकाशाला ती वर्षातून एकदाच जायची, कानबाईला, ते पँट-शर्टात, केस टोपीत कोंबून. घरचे तिला जुन्या नावाने हाक मारायचे, ती ओ द्यायची, मूठ निघायची, सोमवारी विसर्जन करून ती परत यायची. परत आली की दोन दिवस यंत्रावर डोकं ठेवून पडून राहायची.

यंदा तिने मला सांगून टाकलं, "सर, आवंदा मी साडी नेसीसन जासू."

"जा की," मी म्हणालो.

"माय मूठ नही काढी तं?"

"रंजिता आहे ना तुला," असं काहीतरी मी पुटपुटलो.

"रंजितामा मन्ही मायच शे. पण मन्ही मूठ तठे प्रकाशाले शे." आणि ती उठून गेली. श्रावण लागायच्या आधीपासून तिचा जीव असा टांगणीला लागला होता. साड्यांचे फॉल उलटे लावून ठेवू लागली. गिऱ्हाइकं माझ्याकडे तक्रारी घेऊन येऊ लागली, जणू मी तिचा बाप.

त्यातच तिने डोक्यात घेतलं की कानबाईच्या आधी इथेच, आपल्या मातीत, एक बॉल करायचा. रंजिता आणि तिची पोरं सुरतेहून येणार. आणि स्पीकरवरचं विलायती संगीत नको, समोर बसून वाजवलेला तीनताल हवा, पेटीवर लेहरा हवा. लेहरा म्हणजे एकच धून फिरून फिरून वाजवायची, म्हणजे तालात आपण कुठे आहोत ते सगळ्यांना कळतं. तो मी धरायचा.

मी साफ नाही म्हणालो. शास्त्रीय संगीत म्हणजे काय वरातीचा बँड आहे?

"स्पीकरले सम समजत नही, सर," ती म्हणाली. "माणूस पडी ऱ्हायना का उठी ऱ्हायना, त्याले काय? तो वाट दखत नही." आणि मग ती माझ्या सतरंजीवर उभी राहिली. तोंडाने बोल म्हणू लागली, जसे कथ्थकवाले म्हणतात. हात मनगटातून फिरत होते, मान बोलांबरोबर वळत होती. तिहाई आली. तिरकिट धा एकदा, तिरकिट धा दोनदा, तिसऱ्या तिरकिटला ती हवेत मागे झुकली आणि धा म्हणता म्हणता तिची पाठ सतरंजीवर. नेमकी समेवर. धूळ उडाली. माझी मान आपोआप हलली होती. आयुष्यभर मी समेवर माना हलताना पाहिल्या, आख्खा माणूस समेवर आलेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी म्हणालो, "आधी सतरंजी झटक." तिला कळलं की मी हो म्हणालो.

जागा नवनीतने दिली. नवनीत ब्राह्मणपुरीचा गुजर शेतकरी, माझ्याच क्लासमधून पळालेला आणि दामिनीबरोबर शिकलेला. त्याचं केळी भरायचं शेड आहे. एका बाजूला केळी धुवायचा हौद, दुसऱ्या बाजूला खोक्यांची थप्पी, मधे सिमेंटची लांब वाट. शुक्रवारी दुपारी काम संपलं. केळी भरणाऱ्या बायांना घरी जायचं होतं, पण सुरतेची पोरं रंगवलेल्या पापण्या आणि चमचमते झगे घेऊन टेंपोतून उतरली, तशी एकही बाई जागची हलली नाही. खोकी उलटी करून त्यांनी बैठक मारली.

हवा दमट, तबल्याचं पान, म्हणजे वरचं कातडं, उतरलं. सुरात येईना. मी वैतागून पेटी मिटायला निघालो, तेवढ्यात दामिनीने रंजिताच्या पेटाऱ्यातून केस वाळवायचं यंत्र काढलं आणि तबल्याच्या तोंडावर धरलं. पान चढलं. माझे गुरू असते तर त्यांनी दोघांनाही बाहेर काढलं असतं.

मी चंद्रकंस रागातला लेहरा धरला. दामिनीने तीनताल उचलला. पहिलं पोरगं झोकात निघालं, पंखा उघडत, मिटत, हात असे की डोळा ठरू नये. पण समेचा त्याला पत्ताच नाही. दामिनीची तिहाई संपायच्या आतच ते धाडकन पडलं. वर ठोका येऊन पडला तेव्हा ते आधीच जमिनीवर. मला राहवलं नाही. पेटी वाजवता वाजवता मी ओरडलो, "समेआधी मरू नको!"

सगळं शेड हसलं. बायांनी ते वाक्य उचललं. रंजिताला त्याचा अर्थ कोणीतरी सांगितला, तिने टाळी दिली आणि तीही आपल्या गुजराती वळणात तेच ओरडू लागली. पुढच्या प्रत्येक पोराला तिहाई सुरू झाली की सगळं शेड दटावायचं, समेआधी मरू नको, समेआधी मरू नको, आणि मग सगळे मिळून त्याला समेवर पाडायचे. रंजिताची पोरं तासाभरात सम शिकली. माझ्या क्लासला वर्ष लागतं.

शेवटी रंजिताने पुकारलं, "माहेरवाशीण!" म्हणजे सासरहून माहेरी आलेली लेक होऊन चालायचं. दामिनी तबल्यावरून उठली. तिने सुती साडी नेसली होती, हिरवी, काठाची. हातात कापडी पिशवी. तबला कोणी वाजवायचा, तर कोणीच नाही. तिने मला खूण केली, नुसता लेहरा. आणि तोंडाने बोल म्हणत ती निघाली.

ती राणीसारखी चालली नाही. उन्हातून आल्यासारखी चालली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मधेच थांबली, दार वाजवावं की नको असा हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा मागे वळली, पुन्हा फिरली. बोल मात्र चालूच, लयीला धक्का नाही. मग तिहाई. पिशवी हातातून सुटली आणि ती समेवर पाठीवर पडली, ओल्या सिमेंटवर. कोणी ओरडलं नाही. माझा लेहरा दोन आवर्तनं तसाच फिरत राहिला, मला थांबवता येईना. एक केळी भरणारी बाई उठली, तिला हात देऊन उठवलं आणि तिच्या पाठीवरचा चिखल आपल्या पदराने पुसला.

कोणीतरी ते मोबाईलवर टिपलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ प्रकाशातल्या प्रत्येक मोबाईलवर होता. भूपेंद्रचा फोन आला तेव्हा दामिनी माझ्याकडेच होती. त्याचा आवाज मला पलीकडे बसून ऐकू आला.

"लोके काय बोली ऱ्हायनात, माहीत शे का तुले? पँट-शर्टमा ये. नही तं येऊच नको."

रंजिता निघताना म्हणाली, चल आमच्याबरोबर सुरतेला. दामिनीने नाही म्हणून मान हलवली. टेंपो गेला. तिने पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली.

शनिवारी दुपारी ती माझ्या दारात उभी. तीच हिरवी साडी, धुऊन वाळवलेली. "सर, तुम्ही संगे चला."

मी प्रकाशाचाच, आमचं जुनं घर तिच्या गल्लीच्या पुढच्या गल्लीत. मी म्हणालो, मला नाही तरी जायचंच होतं. जायचं नव्हतं. बसमध्ये ती खिडकीच्या काचेवर झपताल वाजवत होती. पुढच्या सीटवरच्या माणसाने दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान पुढे केली ती उतरेपर्यंत तशीच ठेवली.

गल्लीत बायका ओट्यांवर होत्या. बोलण्याऐवजी पापड उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात झाले. दामिनीच्या घरी अंगणात केळीचे खांब धुऊन ठेवले होते. भूपेंद्रची बायको ममता बादली घेऊन बाहेर आली. दामिनीला पाहून तिने बादली खाली ठेवली.

"मुठी काढाई गयात का, वहिनी?" दामिनीने विचारलं.

ममताने आत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काढाई गयात." आणि थोडं थांबून, "तुमना नावनी नही निंघनी."

दामिनी वळली आणि चालू लागली. मी मागे. या वयात तिच्या मागे पळणं म्हणजे शिक्षा. गल्ली संपली, देऊळ आलं, घाटाच्या पायऱ्या अर्ध्या उतरली, पुन्हा वर आली, मग सरळ रस्त्यावर बसच्या थांब्याकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती.

"थांब," मी म्हणालो.

"काय थांबू? मी नंदुरबार जासू, नी रातनी गाडी धरीसन सुरत. आते परत येवाव नही."

"आईला विचारलंस का?"

"काय इचारू? मूठ टाकताना मन्हं नाव तिले याद नही वनं का? बठास्ना नाव याद वनात. त्या भूपेंद्रना तान्हा पोऱ्यानं बी वनं." तिचा आवाज चिरला. "मी पडनू तरी चालनं असतं, सर. पण सुपमा मन्हा एक दाना नही."

मला राग आला. तिचा नाही, कमलबाईंचा आला, त्या सुपाचा आला, सगळ्या गावाचा आला. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "समेआधी मरू नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. पण नंदुरबारची बस आली, दार उघडलं, कंडक्टरने हाक दिली, आणि तिचा पाय वर गेला नाही. बस निघून गेली. तिची बोटं पिशवीवर धावत होती, कुठल्याही तालाविना.

तेवढ्यात मोटारसायकल आली. भूपेंद्र. मी छातीवर हाताची घडी घातली. म्हटलं, आज हा एक शब्द वाकडा बोलला तर बाप गेला म्हणून काय झालं, मी आहे. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला नाही, बहिणीकडे पाहिलंही नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाला, "माय बलाई ऱ्हायनी. दळान थांबेल शे."

"मन्ही मूठच नही तं मी कसाले येऊ?"

"ते मायले इचार. माले नको इचारू. सकायपासून मी काय काय ऐकी ऱ्हायनू, ते मन्हं माले माहीत." आणि तो गाडी वळवून निघून गेला.

आम्ही पायी परत गेलो. जाताना तिने एकदाही वळून पाहिलं नाही, येताना मात्र दर दहा पावलांवर थांबत होती.

दाराच्या आत, ओसरीवर, जातं मांडलं होतं. गावात चक्की आहे, पण रोटाचं पीठ कमलबाई जात्यावरच दळतात. त्यांचा आवाज कधी गल्लीत ऐकू येत नाही, पण त्यांच्या होकाराशिवाय त्या घरातला विळासुद्धा जागचा हलत नाही. जात्याच्या एका बाजूला त्या बसल्या होत्या. समोरची जागा रिकामी. शेजारी सूप, गव्हाने भरलेलं.

"कोठे फिरी ऱ्हायनी?" त्या म्हणाल्या. "कवयना वाट दखी ऱ्हायनू."

दामिनी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "माय, मन्ही मूठ नही काढी तू."

"नही काढी."

"काब्र?"

कमलबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "आंडेरनी मूठ निंघस का कधी?" आंडेर म्हणजे मुलगी. "मन्ही निंघस? ममतानी निंघनी? हात भरेल व्हता मन्हा. दर सालनं नाव जीभवर वनं. मंग म्हनं, हाई नावनं माणूस आते मन्हा घर कोठे शे? कानबाईम्होरे खोटं कशी बोलू?"

दामिनीची बोटं थांबली होती. इतक्या वर्षांत मी ती थांबलेली पाहिली नव्हती.

"नी ते काय व्हतं मोबाईलमा?" कमलबाई पुढे म्हणाल्या. "माहेरले वनी म्हणे. माहेर काय वं? लगीन व्हयनं का तुन्हं? हाई घर शे तुन्हं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पडनी तवय पाठले लागनं का?"

दामिनीने नुसती मान हलवली, हो की नाही ते कोणालाच कळलं नाही.

दारातून भूपेंद्र म्हणाला, "माय, लोके..."

"लोके त्यास्ना घरना रोट खातीन," कमलबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला.

मला मात्र चैन पडेना. मी कमलबाईंना म्हणालो, "वहिनी, पण लेकींच्या नावाची मूठ का नसावी? टाकली असती एक तर कानबाईचं काय बिघडलं असतं?" ममताने बादलीआडून माझ्याकडे पाहिलं, तिचाही हाच प्रश्न असावा.

"ते तुम्ही कानबाईलेच इचारा, सर. उद्या ई ऱ्हायनी ती," कमलबाई म्हणाल्या. "वं, तू. पिशवी ठेव. हात धव. बठ."

दामिनी उंबरा ओलांडून आत आली. हात धुतले, साडीचा काचा मारला आणि आईसमोरच्या रिकाम्या जागेवर बसली. आईने सुपातली एक ओंजळ जात्यात टाकली. भावाची, पुतण्याची, सगळ्यांची मूठ त्यात होती, तिची नव्हती. ती मूठ गेली ती गेलीच, पुन्हा निघणार नाही, हे तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं, आणि तरी चेहरा असा होता की मी दुसरीकडे पाहिलं.

दोघींनी एकच खुंटा धरला. जातं फिरलं. पांढरं पीठ कडेने पडू लागलं. एक फेरा झाला, दोन झाले, आणि दामिनीची मोकळी बोटं खुंट्यावर हळूच चालू लागली, फेरा बरोबर कुठे पूर्ण होतो ते शोधत.

कमलबाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

"वाजाडू नको," त्या म्हणाल्या. "दळ."